नान्वचा चहा फिकट नव्हता

या, असे जवळ सरकून बसा. दाराशी नको, तिथे फटीतून वारा येतो. एक गोष्ट सांगायची आहे, आणि ती मोठ्याने सांगवत नाही म्हणून जवळ बोलावतो आहे. चमत्कार नाही, राजा-राणी नाही. एक खुर्ची आहे, एक बाई आहे आणि माझ्या तोंडून निसटलेलं एक वाक्य आहे. खोटं बोलायला किती थोडा श्वास लागतो, ते मला त्या दिवशी कळलं.

मी इथेल, डोंगरातल्या नांत-हेलिग गावचा सुतार. आमच्या रेहोबोथ चॅपलच्या व्यासपीठावर पाळकासाठी ओकच्या दोन खुर्च्या असत. दीडशे वर्षांपूर्वीच्या, काळ्या कुळकुळीत. त्यातल्या एकीचे पाय किड्यांनी आतून पोखरले होते, आणि एका रविवारी आशीर्वादाच्या वेळी ती पाहुण्या पाळकासकट खाली बसली. देवाची दया, लागलं फक्त त्यांच्या मानाला. मग पंचांनी ठरवलं की इथेलने नवी करावी, पण जुनीच्या शेजारी ठेवली तर नवी कोणती हे ओळखू येता कामा नये.

खुर्ची मी करून दिली असती डोळे मिटून. खरं काम रंगाचं होतं. नवा ओक पावाच्या कवचासारखा पिवळट. त्याला काळा करायची रीत माझ्या गुरूंनी, एलिस सुतारांनी, शिकवली होती. काळा रंग फासायचा नाही. रंग वर बसतो आणि हात लागून लागून झिजतो. ओकच्या अंगात मुळातच एक तुरट कस असतो. त्याला लोखंड भेटलं की लाकूड आपणहून काळं पडतं. गंजके खिळे महिनाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायचे, ते पाणी फडक्यातून दोनदा गाळायचं आणि लावायचं. पण कस सगळीकडे सारखा नसतो, म्हणून आधी ओकच्याच सालीच्या काढ्याचा एक हात द्यायचा. काढा, मग लोखंडाचं पाणी, मग सोड्याच्या पाण्याने धुऊन उरलेलं लोखंड काढून टाकायचं, मग पुन्हा काढा. दर वेळी पुरतं वाळू द्यायचं. शेवटी जवसाचं तेल आणि मेण. एलिस म्हणायचे, "यात घाई केलीस ना पोरा, तर लाकूड चारचौघांत तुझी चुगली करील."

साल मिळत होती. दोन मैलांवरच्या रानात नुकतेच ओक पाडले होते. पण पाऊस होता, चिखल होता, आणि साल कुटून दोन दिवस उकळायची कोणाला हौस? मी सोपा मार्ग काढला. तुरट कस चहातही असतो. चहा म्हणजे नान्व.

नान्व चॅपलघरात राहायची. चॅपलला लागून दोन खोल्यांचं घर, आणि त्या घराच्या बदल्यात ती दारं उघडायची, शेगडी पेटवायची, बाहेरगावचे पाळक आले की त्यांना जेवू घालायची, त्यांचे ओले मोजे वाळवायची. साठीची, सडपातळ, लग्न न केलेली. सगळं गाव तिला चॅपलघराची नान्वच म्हणे. तिचं आडनाव काय, हे मला तिच्या कबरीवरच्या दगडावर वाचून कळलं.

"किती चहा लागेल?" तिने विचारलं.

"एक बादली. पण असा कडक की तोंडात धरला तर जीभ सुरकुतली पाहिजे."

"मग आधी तुझीच बुडवते. तिला जरा सुरकुत्यांची गरजच आहे."

तिने होकार दिला, आणि मी शीळ घालत निघालो. लढाई संपून सहा वर्षं झाली होती तरी चहा अजून कार्डावरच मिळे, माणशी आठवड्याला दोन औंस. ती एकटी. एक बादली कडक चहा ती कुठून आणणार, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही. आला नाही हेच माझं पहिलं पाप. दुसरं याहून मोठं आहे.

बादली आली, बुधवारी मी चहाचा हात दिला, गुरुवारी सकाळी लोखंडाचं पाणी लावायचं होतं. आणि त्याच गुरुवारी खाली नऊ मैलांवरच्या गावात मोठी प्रवचनं होती. रेव्हरंड पेनांट हावार्ड बोलणार होते.

तुम्ही त्यांना ऐकलेलं नाही. कसं सांगू? ते सुरुवात करायचे ती शेजाऱ्याशी बोलावं तशी, हळू, अडखळत. पाव तास तसाच जायचा. मग एका शब्दावर आवाज जरासा लांबायचा, मग पुढच्या शब्दावर आणखी, आणि बघता बघता ते बोलणं गाणं होऊन जायचं. गाणं ठरवून म्हटलेलं नाही; सूर आतून उचलून यायचा. आमच्याकडे म्हणतात, शिडात वारा भरला. एकदा का वारा भरला की बाकांवरची माणसं पुढे झुकायची, कोणी डोळे पुसायचं, कोणी "होय प्रभू!" म्हणायचं. मी लहानपणापासून या आवाजांमागे डोंगर ओलांडत आलो आहे. दुसरं व्यसन मला नव्हतं. पण व्यसन ते व्यसनच.

बस दुपारी एकची. सकाळी लोखंडाचं पाणी गाळायचं राहिलं होतं. तसंच, गाळासकट ओतून घेतलं. एक हात दिला. खुर्ची डोळ्यांदेखत काळी पडू लागली, डोंगरावर ढगाची सावली चढावी तशी. वाळायच्या आत दुसरा हात दिला, तिसराही दिला. घड्याळात पावणेएक. धुवायला तास लागला असता. आल्यावर धुऊ, असं म्हणून ओली खुर्ची तशीच सोडली आणि पळालो.

रस्त्यात नान्व पायपुसणं झटकत होती. मी हात केला. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे माझ्या सुतारकामाच्या दुकानाच्या उघड्या दाराकडे पाहिलं.

बसपाशी आमचे ज्येष्ठ पंच मालाखी पुग उभे होते. ते गावचे वाणीही. "काय रे इथेल," ते म्हणाले, "हावार्डसाहेब रविवारी आपल्याचकडे येताहेत ना? तुझ्याच खुर्चीत बसायला! तीन दिवस दम निघत नाही?"

"मालाखी, भुकेल्याला रविवारच्या जेवणाच्या गोष्टी सांगू नका."

"खादाड आहेस लेका," ते हसले. बरोबरच होतं ते.

त्या दिवशी प्रवचन असं रंगलं की मी परतीच्या शेवटच्या बसने गात आलो आणि तसाच झोपलो. शुक्रवारी सकाळी दुकानात गेलो, आणि गाणं थांबलं. खुर्चीची बैठक मुका मार बसल्यासारखी निळसर-जांभळी झाली होती. खुर्चीच्या दोन्ही हातांवर तपकिरी गंजाची साय धरली होती. आणि उजव्या हाताची बाहेरची कड राखाडी. तिथे सालीलगतचं पांढरं लाकूड मीच घाईत वापरलं होतं, त्यात कस नसतोच.

चहाचा यात काडीचाही दोष नव्हता. लोखंड जास्त झालं होतं आणि धुतलं गेलं नव्हतं. दहा वर्षं एलिसांच्या हाताखाली शिकलेला माणूस मी. एका नजरेत ओळखलं. तेव्हाच पंचांना जाऊन सांगायला हवं होतं की खुर्ची रविवारपर्यंत होत नाही, सगळं खरवडून पुन्हा करावं लागेल. "का?" असं त्यांनी विचारलं असतं. उत्तर द्यावं लागलं असतं. म्हणून मी वरवरचा गंज फडक्याने पुसला, कडेला काजळी चोळली आणि सबंध खुर्चीला जवसाचं तेल लावलं. तेल लावलं की काहीही काळं दिसतं, ओलं असेपर्यंत.

रविवारी चॅपल शेवटच्या बाकापर्यंत भरलं. लोकांनी दोन्ही खुर्च्या पाहिल्या आणि माना डोलावल्या. रेव्हरंड हावार्ड माझ्या खुर्चीत बसले, तिच्या दोन्ही हातांवर तळवे ठेवून, गीतं होईपर्यंत, प्रार्थना होईपर्यंत. मी देवाकडे मागत होतो ते तुम्हाला सांगायला लाज वाटते. पापाची क्षमा नव्हतो मागत. त्यांचे तळवे घामेजू नयेत एवढंच मागत होतो.

ते उठले. गरुड आपलं घरटं हलवतो आणि पिल्लांवर पंख पसरतो, ते बायबलमधलं वचन त्यांनी घेतलं होतं. हळू सुरुवात झाली. मग आवाज लांबू लागला. मग सूर लागला. आणि माझं सगळं भय विसरून मीसुद्धा पुढे झुकलो, इतका तो सूर खरा होता. "आणि तो पंख पसरतो," ते गाऊ लागले, "पंख पसरतो..." आणि त्यांनी दोन्ही हात उंच पसरले.

दोन्ही तळवे तांबडे-तपकिरी होते.

पुढच्या बाकावर एक पोरगी खुदकन हसली. कोणीतरी तिला चिमटा काढला तर ती आणखी मोठ्याने हसली. रेव्हरंडांनी कपाळावरचा घाम पुसला, आणि भुवयांवर एक गंजका पट्टा उमटला. आता मोठी माणसंही रुमालात तोंड लपवू लागली. म्हाताऱ्या पाळकाने आपल्या हातांकडे पाहिलं. शब्द थांबला. पुन्हा सुरू केला तेव्हा तो नुसता शब्द होता, गाणं निघून गेलं होतं. पाच मिनिटांत त्यांनी प्रवचन आवरलं आणि खाली मान घालून बसले, हात मांडीवर ठेवून, जणू चूक त्यांचीच होती.

उपासना संपल्यावर पंच माझ्याभोवती जमले.

"इथेल, हे काय?" मालाखी म्हणाले.

आणि मी म्हणालो, "चहा फिकट पडला असावा."

झालं. एवढंच वाक्य. त्यात "असावा" होतं, म्हणजे शपथेवर खोटं नव्हे, अशी मनाची समजूतही मी तेव्हाच घालून घेतली.

मालाखींनी डोळे बारीक केले. "वाटलंच. माझ्याच दुकानातून घेते ना ती. आठवड्याला दोन औंसांवर चिमूटभर जास्त गेलेला नाही. बादलीभर चहा त्यात करणार कसा? रंगवलेलं पाणी दिलं असेल."

मी बोललो नाही. आमच्या गावात कोणाला चोर म्हटलेलं एक वेळ चालेल, पण एखाद्या बाईकडचा चहा पातळ असतो असं म्हटलं की ती संपली. सोमवारी विहिरीपासून दुकानापर्यंत तोच विषय. "नान्वच्या चहातून म्हणे कपाच्या तळाची फुलं मोजता येतात!" "अगं, पत्ती भिजवून पुन्हा दोरीवर वाळत घालते ती!" त्याच दुपारी ऐकलं की पुढच्या पाळकांचं जेवण मालाखींच्या घरी होईल. आणि बुधवारी प्रार्थनेची बैठक झाल्यावर पंच ठरवणार होते, पाळकच तिथे उतरणार नसतील तर चॅपलघर नान्वकडे ठेवायचं कशाला?

हे ऐकून मी काय केलं असेल? धावत जाऊन खरं सांगितलं? नाही. मी खुर्ची दुकानात आणली आणि रात्रंदिवस कामाला लागलो. वाटलं, खुर्ची सुधारली की सगळं आपोआप मिटेल. चिखल तुडवून रानात गेलो, पाठीवर साल आणली, कुटली, उकळत ठेवली. पत्र्याने सगळा गंज खरवडला, सोड्याने तीनदा धुतलं. खुर्चीचा उजवा हात काढून टाकला आणि गाभ्याच्या लाकडाचा नवा बसवला. जे आधी करायचं ते सगळं आता केलं. हात चालत होते. तोंड बंद होतं.

मंगळवारी संध्याकाळी दार ढकलून नान्व आत आली. हातात झाकलेली बादली.

"घे," तिने ती फळीवर ठेवली. "म्हणतात, पहिला फिकट होता. हा आटवून आणलाय. आता तरी पुरेल ना?"

मी झाकण काढलं. बादलीत तीन बोटं चहा. काळा, डांबरासारखा. बोट बुडवून जिभेला लावलं आणि तोंड आवळून आलं.

"नान्व, एवढी पत्ती आली कुठून?"

"कुठून येणार? माझ्या कार्डावरची. पहिल्या बादलीसाठी तर तू सांगायच्या आधीपासूनची साठवलेली होती, नाताळपासून. पाळकांसाठी ठेवली होती. ही पुढच्या दोन आठवड्यांची, मालाखीकडून आगाऊ मागून आणली. बघत होता माझ्याकडे असा, जणू मी मिशनच्या दानपेटीत हात घातलाय."

"आणि तू काय पितेस?"

"गरम पाणी. पोटाला बरं असतं." मग ती उकळत्या काढ्याकडे बघून म्हणाली, "अच्छा. साल आणलीस."

मी खाली बसलो. कुठे बसलो कळलं नाही, ढलप्यांच्या ढिगातच असेन. "नान्व, तुझा चहा फिकट नव्हता. दोष माझा. त्या गुरुवारी मी..."

"ठाऊक आहे मला."

"काय ठाऊक आहे?"

"दार उघडं टाकून पळालास ना बसला. खुर्चीवरून थेंब टपकत होते. माझा बाप ओकच्या सालीतच चामडं कमवायचा रे, लोखंड धुतलं नाही की काय होतं ते मला पाचव्या वर्षी कळत होतं."

"मग बोलली का नाहीस? तुझं घर चाललंय!"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होते," ती म्हणाली. रागाने नाही. पाहुण्याला उशीर झाला की म्हणावं तसं. "आणि हे बघ इथेल, घराचं सोड. एकच गोष्ट मला लागली. अडतीस वर्षं मी चॅपलघर सांभाळते. प्रत्येक रविवारी प्रवचनाला सूर लागायच्या सुमाराला मला उठावं लागतं, भट्टीतलं मांस करपू नये म्हणून. भिंतीपलीकडून आवाज ऐकू येतो, शब्द येत नाहीत. या रविवारी मी थंड जेवण मांडलं होतं. हावार्डसाहेबांना आधी विचारून. म्हटलं, एकदा तरी शेवटपर्यंत ऐकू."

ती गेली. बादली तिथेच राहिली.

बुधवारच्या बैठकीत आमच्याकडे ज्याला वाटेल त्याने उठून आपल्या आत्म्याची हालहवाल सांगायची असते. बहुतेक जण म्हणतात, "रेटतोय, प्रभूच्या कृपेने." मालाखींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कोणाला काही सांगायचं आहे?" मी उठलो. नान्व मागच्या बाकावर बसली होती. भिंतीकडे बघत, खालच्या आवाजात, मी सगळं सांगून टाकलं.

तेवढ्यात कोपऱ्यातली म्हातारी जेनेट, जिला कानाशी तोफ उडाली तरी ऐकू येत नाही, ओरडली, "काय म्हणतोय इथेल? आजारी आहे का?"

"पाप सांगतोय, जेनेट काकी!" कोणी तरी तिच्या कानात म्हणालं.

"मग मोठ्याने सांग की रे! देवाला ऐकू गेलं असेल, मला नाही गेलं!"

आणि मला ते सगळं दुसऱ्यांदा सांगावं लागलं, ओरडून. गाळ, बस, तेल, काजळी, आणि ते वाक्य. "नान्वचा चहा फिकट नव्हता!" रस्त्यावरून जाणाऱ्यांनीही ऐकलं असेल. पहिल्यांदा सांगताना मला थोडं मोकळं वाटलं होतं. दुसऱ्यांदा तेही उरलं नाही, आणि ते योग्यच झालं.

जेनेट काकी म्हणाली, "हात्तिच्या! तिचा चहा कडकच असतो. माझं तर पोट बिघडतं."

मालाखी उठून उभे राहिले. "तिच्या चहाच्या वजनाचा दाखला मीच दिला होता," ते म्हणाले. "ती काय पिते, ते मी विचारलं नाही." मग नान्वकडे वळून म्हणाले, "बाई, घराचा विषय आज निघणार होता. तो आता निघणार नाही." दुसऱ्या दिवशी ते आपल्या कार्डावरचा चहा घेऊन तिच्या दारी गेले, तर तिने त्यांना बसवून त्यातलाच करून पाजला. म्हणतात, त्यांना तो प्यायला फार जड गेला.

खुर्ची झाली. साल, लोखंड, सोडा, पुन्हा साल, आणि शेवटच्या हाताला नान्वचा तीन बोटं चहा. तेल, मेण. आज तुम्ही व्यासपीठाकडे बघाल तर दोघींमधली नवी कोणती ते सांगता येणार नाही. लोक माझं कौतुक करतात. मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं विनय आहे.

कारण रंग सुधारता येतो हो. ओकचा धर्मच तो. चुकलं तर खरवडा, धुवा, पुन्हा कस द्या, वेळ द्या. पण मी रेव्हरंड हावार्डना पत्र लिहून क्षमा मागितली आणि पुन्हा बोलावलं, तेव्हा त्यांनी फार प्रेमाने उत्तर पाठवलं की ऑक्टोबरमध्ये येतो, तेच वचन घेतो, आणि त्या बाईंना पहिल्या बाकावर बसवा. सप्टेंबरमध्ये ते गेले. गरुडाचे पंख अर्धेच पसरलेले राहिले. पुढे पुष्कळ पाळक आले, चांगले आले, नान्व कधीमधी थंड जेवण मांडून बसलीही. पण तसा वारा पुन्हा आमच्या छपराखाली भरला नाही. तिने मला एकदाही टोचून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

तिला जाऊन आता अकरा वर्षं झाली. चॅपलच्या मागे, भिंतीला लागून तिची जागा आहे. दगडावर लिहिलंय, अॅन पेन्री. नान्व हे अॅनचंच घरगुती रूप; पुऱ्या नावाने तिला कोणी हाक मारली नव्हती. तुम्ही कुठे एखादं प्रवचन ऐकायला बसलात, आणि सूर लागला, आणि तुम्हाला शेवटपर्यंत बसायला मिळालं, तर नान्वची आठवण काढा. माझ्यासाठी प्रार्थना नाही केलीत तरी चालेल. तिचं नाव तेवढं घ्या.